आधी हवा काढा, मग क्लचचं बघू



विषय जरा तेलकट आहे, तेव्हा चहा बाजूला ठेवून वाचा. अमेरिकेत हल्ली विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत हातानं गिअर टाकायच्या गाड्या शेकड्यात जेमतेम एक-दोन उरल्या आहेत. मग हे सगळं लिहितोय कुणासाठी, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्यातल्या कित्येक घरांत अजून एखादी जुनी सिव्हिक नाहीतर कोरोला उभी असते. विद्यार्थी असताना घेतलेली, ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त पडली म्हणून, आणि देशात मारुती ८०० वर हात बसला होता म्हणून. आता ती मुलांना शिकायला, कॉलेजात न्यायला किंवा नुसतीच विकवत नाही म्हणून दारात असते. हे त्या मंडळींसाठी.

माझं म्हणणं थोडक्यात असं की क्लचचं पेडल मऊ पडलं, गिअर पडायला कुरकुर व्हायला लागली, तर 'क्लच गेला' असं कुणी सांगितल्याबरोबर पैसे काढू नका. आधी घरी हवा काढून बघा. आणि ते काम एकट्यानं करू नका. बाजारात एकट्यानं करायची यंत्रं मिळतात, ती मला मुळीच आवडत नाहीत. का, ते सांगतो.

गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. माझी १९९८ ची सिव्हिक, तेव्हा अठरा वर्षांची. मुलगी सोळाची, हातात लर्नर्स परमिट, आणि तिला शिकायचं होतं ते ह्याच गाडीवर, कारण तिच्या मैत्रिणींपैकी कुणालाच गिअरची गाडी येत नव्हती. (सोळाव्या वर्षी ह्याहून मोठं कारण लागत नाही.) एका शनिवारी एल्डन स्ट्रीटवर सिग्नलला मी थांबलो आणि पहिला गिअर पडेचना. पेडल दाबलं तर तळापर्यंत गेलं, जणू ओल्या स्पंजावर पाय दिला. मागून हॉर्न. शेवटी इंजिन बंद केलं, बंद गाडीत गिअर मुकाट्यानं पडला, मग पेडल दाबून तसाच स्टार्टर मारला आणि गाडी गचके खात पुढे निघाली. ही युक्ती गर्दीत करू नका, गाडी सरळ पुढे उडी मारते. पुढे कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

सोमवारी एका गॅरेजात नेली. नाव नको, कारण त्या माणसावर माझा फारसा राग नाही. त्यानं पाच मिनिटं चालवून बघितली आणि सांगितलं: क्लच संपला, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, चौदाशे डॉलर. गाडीचीच किंमत तेवढी नव्हती. मी घरी येऊन जाहीर केलं की गाडी काढून टाकायची. मुलगी खोलीत जाऊन दार लावून बसली.

बाबा त्या वेळी आमच्याकडे होते. तुम्हाला माहितीच आहे, आपले आईवडील सहा महिन्यांसाठी येतात आणि पहिल्या पंधरा दिवसांत सगळं बघून होतं. स्मिथसोनियन झालं, नायगारा झाला, आता काय? बाबा रोज सकाळी डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवरून हर्नडनच्या जुन्या स्टेशनापर्यंत चालत जायचे. तिथे रेल्वेचा एक लाल डबा ठेवलाय, त्याच्या खाली वाकून स्प्रिंगा आणि ब्रेकचे दांडे बघायचे आणि परत यायचे. दुपारी खिडकीशी बसून पार्किंगमध्ये कोण कशी गाडी लावतो ते बघायचं. पंचाहत्तरीचा माणूस. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उभी हयात गेलेली.

गाडी विकायची ठरल्याचं ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त किल्ली मागितली. चपला काढून (हो, चपला काढून!) गाडीत बसले, पेडल एकदा दाबलं, सोडलं. मग भराभर तीन-चारदा दाबलं आणि चौथ्या वेळेला धरून ठेवून चालू इंजिनवर गिअर टाकला. अलगद पडला. उतरले आणि म्हणाले, "प्लेट नाही गेली. हवा आहे."

हे निदान एवढं सोपं आहे की ते प्रत्येकाला यायला हवं, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

क्लचच्या तक्रारी ढोबळपणे दोन जातीच्या. एक, क्लच धरत नाही: ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानानं पळत नाही, चढावर तर जास्तच. ही बहुधा प्लेट झिजल्याची खूण, तिथे हवा काढून काही होणार नाही. दोन, क्लच सोडत नाही: पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडत नाहीत, पडले तर करकर होते, पण इंजिन बंद केलं की लोण्यासारखे पडतात. ही दुसऱ्या जातीची तक्रार असली आणि भराभर पेडल मारल्यावर गिअर पडायला लागला, तर संशय पहिल्यांदा हायड्रॉलिक्सवर घ्यायचा. माझ्या गाडीत अगदी हीच लक्षणं होती, आणि पाच मिनिटांच्या फेरीत कुणी पेडल भराभर मारून बघितलं नव्हतं.

आपल्या पिढीला हे का सुचत नाही? कारण आपण वाढलो केबलवर. चेतकला हँडलपासून केबल, मारुती ८०० ला पेडलपासून केबल. केबल तुटली की नवी टाकायची, सैल झाली की नट फिरवायचा. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलच्या जागी द्रव असतो. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर, तिथून बारीक पाइप, आणि गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर. तुम्ही पेडल दाबता, मास्टर द्रव ढकलतो, द्रव स्लेव्हचा दट्ट्या ढकलतो, दट्ट्या क्लचचा फाटा हलवतो. द्रव दाबला जात नाही म्हणून हे चालतं. हवा दाबली जाते. पाइपात चमचाभर हवा शिरली की तुमच्या पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो, आणि पलीकडचा दट्ट्या हलायला हवा त्याच्या निम्माच हलतो. गावाकडे हापशाचं वायसर गेलं की दांडा किती हाणला तरी नुसता खडखडाट होतो, तोच प्रकार. भराभर पेडल मारलं की मास्टर तात्पुरता जास्तीचा द्रव पाइपात भरतो, म्हणून चौथ्या वेळेला गिअर पडला.

मी लगेच नेट उघडून वाचायला लागलो. बाबा म्हणाले, "वाच नंतर. आठ नंबरचा रिंग पाना आहे का?" नव्हता. घरात लॅपटॉप चार, पाना एक, तोही फर्निचरबरोबर आलेला!

इथे एक कबुली देतो. बाबांनी मला लहानपणी पान्याला हात लावू दिला नाही. ते घरी यायचे तेव्हा हात कोपरापर्यंत काळे असायचे. मागच्या दारी रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचे. सुटीच्या दिवशी शेजारच्या कुणाची जीप नाहीतर फियाट दुरुस्त करत असले आणि मी जवळ गेलो की ठरलेलं वाक्य: "तू आत जा. अभ्यास कर." ते रागाचं नव्हतं. आपला मुलगा ह्या काळ्या हातांतून सुटावा हाच त्यांचा सगळा बेत होता, आणि तो बेत इतका यशस्वी झाला की मुलगा हर्नडनमध्ये घर घेऊन बसला आणि स्वतःच्या गाडीचं ब्रेक ऑइल कुठे घालतात ते त्याला माहीत नव्हतं. शाळेत 'वडील काय करतात' ह्याला मी 'एसटीत आहेत' एवढंच सांगायचो, कार्यशाळेचं नाव काढायचो नाही. तेही लिहून टाकतो.

असो. सामान असं लागलं: आठचा रिंग पाना, मत्स्यालयाच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी, रिकामी पाण्याची बाटली, फडकी, आणि ब्रेक फ्लुइडची नवी सीलबंद बाटली. सगळं मिळून पंचवीस डॉलरच्या आत. शिवाय बायकोनं एका थँक्सगिव्हिंगला हौसेनं आणलेली आणि टर्कीच न आणल्यामुळे कोरी राहिलेली ती रबरी फुग्याची मोठी पिचकारी. तिचा उपयोग डबीतलं जुनं पाणी ओढून काढायला फार छान होतो. ती नंतर स्वयंपाकघरात परत न्यायची नाही, एवढं पाळा.

फ्लुइडबद्दल दोन शब्द, कारण गंमत नाही. ह्याला देशात 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते तेल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलच्या जातीचे द्रव आहेत आणि ते हवेतली वाफ शोषून घेतात. कोरड्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्याचा १४० अंशांवर आला तरी तो मानकात बसतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणूनच गॅरेजच्या फळीवर वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली वापरू नका. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. डॉट ५ ही भानगड वेगळी, ती सिलिकोनची, जांभळ्या रंगाची, आणि ह्या दोघांत मिसळत नाही. आणि नामकरणाचा घोळ असा की डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच! होंडा ब्रेकचं फ्लुइड दर तीन वर्षांनी बदलायला सांगते. शेजारच्या क्लचच्या छोट्या डबीचा मात्र सगळ्यांना विसर पडतो. माझ्या डबीत झाकण काढल्यावर जे दिसलं ते कालच्या कोऱ्या चहासारखं होतं. नवं फ्लुइड पातळ मधाच्या रंगाचं असतं.

आणखी एक. ते गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं. सांडलं की लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं पुसू नका. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे. बाबांनी मोजे घातले नाहीत, तो भाग सोडा.

तर काम सुरू झालं. माझ्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला बाहेरच आहे, बॉनेट उघडून वरूनच हात पोचतो, गाडी जॅकवर घ्यायला लागत नाही. त्याच्या टोकाला छोटं निपल. निपलावर आधी पाना चढवायचा, मग नळी, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या फ्लुइडमध्ये बुडवायचं. मुलगी पेडलवर, बाबा निपलावर. आणि मी, मास्टर्स इन कॉम्प्युटर सायन्स, बॅटरी धरून डबीकडे लक्ष द्यायला. :-)

पद्धत अशी: पेडलवरचा माणूस पेडल तळापर्यंत दाबून धरतो. निपलावरचा पाव फेरा सोडतो, नळीतून फ्लुइड आणि बुडबुडे बाहेर येतात, तो निपल पुन्हा बंद करतो. मग, आणि मगच, पेडल वर. निपल उघडं असताना पाय उचलला की जे बाहेर गेलं तेच परत आत ओढलं जातं, वर आट्यांमधून थोडी नवी हवाही. बस, एवढंच सगळं शास्त्र आहे. पण 'मगच' ह्या शब्दात सगळी मेख आहे.

पहिल्याच फेरीला घोटाळा झाला. बाबा बॉनेटखालून ओरडले, "सोडू?" म्हणजे निपल सोडू का? मुलीचा जन्म इथला, मराठी समजतं पण घाईत शेवटचा स्वर कुठे जातो कुणास ठाऊक. तिनं ऐकलं "सोड", आणि आज्ञाधारकपणे पाय उचलला. बाबांनी तोवर निपल सोडलेलं. बाटलीतलं काळं पाणी सुर्रकन नळीतून वर गेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबा वैतागले, "अगं, मी सोडतोय, तू नको सोडूस!" आता ह्या वाक्यातलं कुठलं 'सोड' कुणाचं, हे मलाही कळलं नाही. मी इंग्रजीत समजावायला गेलो तर दोघंही मला गप्प बस म्हणाले.

मग बाबांनीच तोडगा काढला. 'सोड' हा शब्द रद्द. पेडल तळाला लागलं की ती म्हणणार "खाली". निपल बंद झालं की हे म्हणणार "वर". दोनच शब्द, आणि समोरच्याचा शब्द ऐकल्याशिवाय काही हलवायचं नाही. खाली. वर. खाली. वर. पाचव्या-सहाव्या फेरीला त्यांची लय लागली. सुरुवातीला पेडल आपोआप वर येत नाही, तळाला चिकटून राहतं. पायाचा चवडा खाली घालून उचलायला लागतं. तेही तिनं स्वतःच शोधलं.

आणि मग माझ्यामुळे सगळं वाया गेलं. मी रंगात येऊन बुडबुडे बघत बसलो आणि डबी कोरडी पडली. मास्टरनं घसाभर हवा गिळली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत, पण चाळीस वर्षांपूर्वीचं "तू आत जा, अभ्यास कर" मला स्पष्ट ऐकू आलं. पहिल्यापासून सुरुवात. दर चार-पाच फेऱ्यांनी डबी भरायची, हे आता मी झोपेतही विसरणार नाही. क्लचची डबी फार छोटी असते हो.

तासाभरात नळीतून मधाच्या रंगाचं, बुडबुडे नसलेलं फ्लुइड यायला लागलं. निपल हलक्या हातानं आवळलं (पितळेच्या नळाला लावतो तो जोर इथे लावायचा नाही, निपल तुटतं). पेडल पायाखाली घट्ट लागलं. मुलीनं पार्किंगमध्ये गाडी पहिल्यात टाकून बारा फूट पुढे नेली आणि बंद पाडली. पण ती तिनं पाडली, क्लचनं नाही!

इथे गोष्ट संपली असती तर तुम्ही म्हणाल, वा, छान. पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. त्यांचा प्रश्न: "हवा आली कुठून?" हा प्रश्न मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. बंद नळीत हवा आपोआप जन्माला येत नाही. ब्रेकच्या डबीतली पातळी पॅड झिजले की थोडी उतरते, त्यात नवल नाही. क्लचची पातळी झिजेमुळे उतरत नाही. उतरली तर गळतीच. बाबांनी स्लेव्हच्या तोंडावरचं रबरी बूट स्क्रू-ड्रायव्हरनं जरा उचललं, आणि आतून दोन थेंब पडले. सील गेलं होतं. दुसरी बघायची जागा म्हणजे पेडलच्या वर, गाडीच्या आत. तिथे ओल असली तर मास्टर गळतोय. आमचा मास्टर कोरडा होता. नवा स्लेव्ह सिलिंडर साठेक डॉलरला आला. दोन बोल्ट आणि एक पाइप. पुढच्या रविवारी तो बदलला आणि पुन्हा खाली-वर, खाली-वर. ह्या वेळी पाऊण तासात. जी क्लच प्लेट 'संपली' होती ती त्यानंतर पाच वर्षं चालली.

माझा स्टर्लिंगचा एक मित्र म्हणतो, "तुझ्या तासाचा दर बघ आणि हिशेब कर." केला हिशेब. गॅरेजात गाडी सोडायला जायचं, परत आणायला कुणाला तरी घेऊन जायचं, मधले फोन, आणि शेवटी नको असलेल्या कामाचे चौदाशे. त्याच्या पद्धतीनंसुद्धा मी फायद्यात आहे. पण खरं सांगायचं तर हा हिशेब मला मान्यच नाही. शनिवारी दुपारी मी कुणाला तासावर विकलेला नसतो.

गॅरेजवाल्यावर राग नाही म्हटलं ते का, तेही सांगतो. गिअरबॉक्स उतरवून क्लचचं सगळं बदललं की गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येत नाही. नुसती हवा काढून दिली आणि महिन्यानं सील गळलं तर शिव्या त्याला. त्याच्या बाजूनं चौदाशेचा सल्ला सुरक्षित आहे. तो मला परवडत नाही एवढंच. म्हणून निदान आपल्याला यायला हवं. काम त्याच्याकडून करून घ्या हवं तर, पण "स्लेव्ह बघितलात का, फ्लुइड कधी बदललं होतं" हे विचारता आलं पाहिजे.

घरी कुठे थांबायचं ह्याबद्दल माझं मत कडक आहे. क्लचवर शिका, ब्रेकवर शिकू नका. क्लचमध्ये हवा राहिली तर गिअर पडणार नाही, गाडी जागची हलणार नाही, तुमची फजिती होईल. ब्रेकमध्ये राहिली तर फजितीवर भागत नाही. आणि हे सुरू करण्याआधी आपल्या गाडीला क्लचची वेगळी डबी आहे की ब्रेकचीच डबी दोघांना, ते मॅन्युअल उघडून बघा. माझ्या सिव्हिकला वेगळी आहे. बऱ्याच गाड्यांत एकच असते, आणि तिथे डबी कोरडी पाडण्याचा माझा पराक्रम केलात तर हवा ब्रेकमध्येही जाऊ शकते. तशी गाडी असेल तर पहिल्यांदा माहितगार माणूस जवळ हवा. तिसरी गोष्ट, काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या पोटात असतो, फोर्डच्या फोकसमध्ये आहे तसा. त्याची हवा घरी काढता येते, पण तो गळायला लागला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. तिथे मुकाट्यानं गॅरेज.

आता एकट्यानं करायची यंत्रं. निपलाला हातपंप लावून ओढायचं, किंवा डबीवर दाबाची बाटली बसवायची. चालतात, नाही असं नाही. पंपानं ओढताना निपलाच्या आट्यांतूनही हवा येते आणि बुडबुडे संपतच नाहीत, असा माझा एकदाचा अनुभव आहे. खरोखरच एकटे असाल तर ह्यापेक्षा साधा उपाय: नळी लावा, निपल थोडं उघडा, डबी भरलेली ठेवा आणि द्रव आपल्या वजनानं ठिबकू द्या. वेळ लागतो, पण पुष्कळदा काम होतं. पण घरात दुसरं माणूस असताना यंत्र आणणं मला पटत नाही. आपण आईवडिलांना इथे आणतो, त्यांना रिमोट शिकवतो, मॉल दाखवतो, आणि त्यांना येतं ते मागतच नाही. त्या दोन रविवारी बाबा खिडकीत बसले नव्हते. आजोबा आणि नात ह्यांच्यात 'जेवलीस का' आणि 'शाळा कशी आहे' ह्याच्या पुढचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही दोन शब्दांचं. आणि मुलीचे हात काळे झाले तेव्हा बाबा तिला "आत जा" म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो.

असोसिएशनचं म्हणाल तर, आमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनचं पत्र आलंच: सामाईक पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये. मी चिडलो होतो, पण नंतर त्यांचंही थोडं पटलं. डांबरावर सांडलेलं फ्लुइड पावसाबरोबर गटारात आणि तिथून ओढ्यात जातं. दुसऱ्या वेळी खाली जुनी ताडपत्री अंथरली, आणि मित्राच्या ड्राइव्हवेत केलं. तुमचे नियम आधी वाचा, सगळीकडे सारखे नसतात. जुनं फ्लुइड सिंकमध्ये किंवा गवतात ओतायचं नाही. इंजिन ऑइलच्या डब्यातही मिसळायचं नाही. बाटलीवर नाव लिहून वेस्ट ऑक्स रोडवरच्या काउंटीच्या ट्रान्सफर स्टेशनवर घातक कचऱ्याच्या विभागात द्या. घरगुती असेल तर घेतात.

गाडी पुढे मुलीबरोबर ब्लॅक्सबर्गला गेली, व्हर्जिनिया टेकला. दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला, पेडल परत मऊ वाटतंय. मी म्हटलं, "वीकेंडला येतो." ती म्हणाली, "नको, झालं." रूममेटला पेडलवर बसवलं होतं. ओहायोची मुलगी, आयुष्यात क्लच बघितलेला नाही. मग तिला समजावलंस कसं, विचारलं, तर म्हणाली, त्यात काय, दोनच शब्द शिकवायचे होते. तिनं फोनवर एक छोटा व्हिडिओ पाठवला. बॉनेट उघडं, पाठमोरी आमची कन्या, आणि गाडीतून ओहायोच्या उच्चारात ठणठणीत आवाज: "खालीऽऽ!"

तो व्हिडिओ मी बाबांना पुण्याला पाठवला. त्यांचं उत्तर आलं: डबी भरलेली दिसत नाही, तिला सांग.

 ज्यांच्याकडे क्लचची गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ती छोटी डबी उघडून रंग तेवढा बघा. काही चुकीचं लिहिलं असेल तर जरूर कान धरा, माझा ह्यातला अनुभव एका गाडीपुरताच आहे.

आपला,
एक बॅटरी धरणारा, हर्नडन